रीडेव्हलपमेंट होईस्तोवर धरून ठेवा

चाळीवर कुणी हळवं लिहिलं की मला हल्ली राग येतो. अगदी मनापासून येतो. गॅलरी, कोजागिरीचं दूध, शेजारणीकडून आलेली आमटीची वाटी, दिवसभर उघडी दारं... सगळं खरं आहे. मी तिथंच वाढले, मला कुणी शिकवायला नको. पण ह्या सगळ्या लेखांत गॅलरीच्या टोकाची ती चार दारं येतात ती फक्त विनोदापुरती. टमरेल, रांग, "अहो, आत कोण आहे?", बिडीचा धूर, आणि मग हशा. रात्री अडीच वाजता काठी टेकत त्या दारापर्यंत जाणाऱ्या बाईबद्दल कुणी लिहीत नाही, कारण लिहिणारा तेव्हा झोपलेला असतो. आणि आता तर तो ठाण्यात झोपलेला असतो.

तर आजचा विषय चाळीच्या खोलीत संडास बांधणे हा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर ताट संपवून या. :)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे कष्ट ज्यांना नकोत ते इथूनच परत जातील. ज्या खोलीत मोरी आहे आणि मोरीच्या भिंतीपलीकडे घरगल्ली आहे, तिथे संडास बसतो. अडचण पाईपची नसते. अडचण ही असते, की बसवायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसांना रात्री उठावं लागत नाही.

घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आमची ताईआत्या गिरगावात दुसऱ्या मजल्यावर राहते. वय ७९. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला मोरी. मजल्यावर चौदा बिऱ्हाडं आणि चार संडास, त्यातला एक मी लहान असल्यापासून तुंबलेलाच आहे. गेल्या पावसाळ्यात ती पहाटे गॅलरीत घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, कमोड हवा. आता ती संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही. डॉक्टर पाणी प्या म्हणतात, ती मान डोलावते आणि पीत नाही. तेवढंच तिच्या हातात आहे.

आम्ही चाळकमिटीकडे आणि मालकाकडे (मालक म्हणजे ट्रस्ट आहे, नाव लिहीत नाही) अर्ज केला. उत्तरं चार आली. तीन तोंडावर, एक हळूच.

पहिलं उत्तर: "अहो, जुनी लाकडी इमारत. ढाळ मिळणार नाही, वजन पेलणार नाही." हे ऐकायला फार शास्त्रीय वाटतं. म्हणून मी दोन महिने ह्याच एका विषयाचा अभ्यास केला आणि तीन प्लंबरांचं डोकं खाल्लं.

ढाळ म्हणजे काय? मैलाची पाईप चार इंची लागते आणि तिला साधारण चाळीसास एक असा उतार लागतो. म्हणजे चार फुटांना जेमतेम सव्वा इंच. आत्याची मोरी तर मागच्या भिंतीलाच चिकटून आहे, पाईप चार फूटसुद्धा आडवी जात नाही. पूर्वी आपल्याकडे भारतीय पद्धतीचंच भांडं बसवायचे, त्याचा ट्रॅप जमिनीखाली असतो, त्यासाठी फूटभर खड्डा लागतो, आणि लाकडी तुळयांवरच्या जमिनीत खड्डा कुठून आणणार? म्हणून "जमत नाही" हे वाक्य तेव्हा खरं होतं. पण कमोडचा जो पी-ट्रॅप प्रकार मिळतो, त्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, जमिनीपासून सुमारे सात इंच वर. म्हणजे पाईप जमिनीतून जातच नाही. सरळ भिंतीतून घरगल्लीत. फरशीला हात लावायचा नाही, तुळईला तर नाहीच. वाक्य जुनं झालं, म्हणणारे तेच राहिले.

वजनाचं मात्र खरं आहे, आणि तिथे आपलेच लोक गाढवपणा करतात. मोरीला आडोसा हवा म्हणून साडेचार इंची विटेची भिंत चढवतात. दोन बाजू मिळून सात फूट लांब, सात फूट उंच अशी भिंत जवळजवळ एक टनाची होते. पंधरा-सोळा माणसं त्या कोपऱ्यात कायमची उभी केल्यासारखं झालं. वर पोटमाळ्यावर दोनशे लिटरची टाकी, म्हणजे आणखी दोनशे किलो. मग तुळई वाकली की म्हणायचं, बघा, आम्ही सांगत होतो! अहो, भिंत कशाला हवी? अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत पत्रे बसवा, दोन माणसं उचलतात. सिपोरेक्सचे ब्लॉकसुद्धा विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे असतात. आणि दोन बटणांची टाकी घेतली तर तीन किंवा सहा लिटरमध्ये काम होतं, जुन्या साखळीच्या टाक्या एका वेळी दहाच्या वर ओतायच्या. पाणी पहाटेचं तासभर येतं म्हणून घाबरायचं कारण नाही. पिंप आहेच, बादलीने ओतलं तरी चालतं. आजवर तेच तर करत आलोय.

ज्या खोल्यांत मोरी मागच्या भिंतीला नाही, त्यांच्यासाठीही उपाय आहे. कमोडच्या मागे बसणारा एक पंप मिळतो, सगळं बारीक करून बोटभर जाडीच्या पाईपमधून वर-खाली, लांब, हवं तिकडे ढकलतो. फ्रान्समध्ये हे १९५८ पासून आहे. तिकडेही जुन्या इमारतींत माळ्यावरच्या खोल्यांना जिन्यात एकच संडास असायचा, म्हणजे दुःख आपलं एकट्याचं नाही. पण ह्या पंपाला वीज लागते आणि त्यात कागदाशिवाय दुसरं काही गेलं की तो बसतो. शिवाय महाग. आत्याला तो लागत नाही. "जमत नाही" म्हणणाऱ्यांना शेवटचं बीळसुद्धा राहू नये म्हणून लिहिलं, एवढंच.

दुसरं उत्तर खालच्या मजल्यावरच्या काकांचं: "माझ्या डोक्यावर गळेल." ह्यांच्यावर मी रागावणार नाही. काकांच्या स्वयंपाकघराच्या छताला खरंच ओल आहे, आणि ती वरच्या मोरीची आहे. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून चाळीस वर्षं पाणी मुरतंय. लाकूड भिजलं की कुजतं, आणि चाळी पडतात त्यात ह्या ओलीचा वाटा मोठा असतो. पण काका, ही ओल आत्ताच आहे ना? संडास नसताना? काम करायचं तर मोरी पूर्ण उखडून, खाली वॉटरप्रूफिंग करून, त्यावर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि तुमच्या छताकडे बघत बसायचं. थेंब आला तर पुन्हा उखडायचं. म्हणजे संडास झाला तर तुमचं छत कोरडं व्हायची शक्यता आहे, नाही झाला तर ते असंच गळत राहणार. हे त्यांना मी तोंडी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू लिहून दे." दिलं. ते एकटेच माणूस असे निघाले, ज्यांनी हरकत घेतली आणि हरकतीचं उत्तर ऐकूनही घेतलं.

इथे एक पाप सांगायला हवं, कारण ते आमच्याच मजल्यावर दोघांनी गुपचूप केलंय. कमोड बसवला आणि त्याचं तोंड मोरीच्या सांडपाण्याच्या पाईपला जोडून दिलं. ती पाईप अडीच-तीन इंची, ती खाली उघड्या गटारात किंवा नहाणी ट्रॅपवर पडते. मग तळमजल्यावरच्यांच्या दारात जे यायचं ते येतं. मैल्याला वेगळी, उभी, चार इंची पाईप हवी, खाली चेंबरपर्यंत, आणि वर गच्चीच्याही वर निघालेली हवी. वरचं टोक उघडं नसेल तर एकाने फ्लश केल्यावर दुसऱ्याच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. ते दोन इंच पाणी म्हणजे घर आणि गटार ह्यांच्यातला पडदा. तो गेला की वास घरात. लोक म्हणतात "संडास घरात आला की वास येणारच". वास संडासाचा नसतो, वाचवलेल्या पाईपचा असतो.

आणि ही उभी पाईप एकट्याने टाकायची गोष्टच नाही. एका रांगेत खाली-वर चार मोऱ्या आहेत. चौघांनी मिळून एक पाईप, एक चेंबर, महापालिकेची एक परवानगी. चोरून जोडणारे चोरून का जोडतात? कारण सरळ मार्गाने गेलं की कमिटी अडवते. ह्याच कमिटीने गेल्या वर्षी गॅलरीत सीसीटीव्ही एकमताने मंजूर केले. आता आत्या पहाटे किती वाजता संडासला जाते हे रेकॉर्ड होतं. वा!

तिसरं, हळूच आलेलं उत्तर: "स्वयंपाकघरात संडास? चुलीशेजारी?" हे म्हणणाऱ्या काकूंचा मुलगा डोंबिवलीला वन आरकेत राहतो. तिथे ओट्याच्या मागची भिंत कशाची आहे हे त्या विसरतात. आमच्या नातेवाइकांत तर ज्यांच्या बेडरूमला जोडून संडास आहे, आणि ज्यांनी फ्लॅट घेताना "दोन टॉयलेट आहेत ना?" हे पहिलं विचारलं होतं, तेही हेच म्हणाले. (नावं लिहीत नाही. वाचणाऱ्यांना आपलं आपलं कळेल.)

हा विटाळ कुठून आला हेही एकदा बघा. जुन्या मुंबईतल्या ह्या घरगल्ल्या कशासाठी सोडल्या होत्या? टोपलीचे संडास होते, आणि त्या टोपल्या डोक्यावरून नेणाऱ्या माणसांनी इमारतीच्या पुढून, आपल्या नजरेसमोरून जाऊ नये म्हणून मागची अरुंद वाट. संडास घराच्या टोकाला, कारण तो उपसणारा माणूस घरात यायला नको. ती कामाची पद्धत कायद्याने १९९३ मध्ये बंद केली, २०१३ मध्ये पुन्हा कडक कायदा करावा लागला. मैला वाहून न्यायला पाणी आणि पाईप येऊन तर त्याच्याही आधी किती दशकं झाली. पण संडास दूर ठेवायचा तो ठेवलाच. पूर्वी त्या अंतराची किंमत एका जातीतली माणसं मोजत होती. त्यांची सोडवणूकही अजून पूर्ण झालेली नाही, गटारात उतरून आजही माणसं मरतात. आणि तेच अंतर आता आमची म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि पाळी आलेल्या मुली रोज चालतात.

चौथं उत्तर सर्वांत लाडकं: "रीडेव्हलपमेंट येतंय. आता कशाला खर्च?"

मी पाचवीत होते तेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा बाबा मोरीला नवी फरशी घालणार होते, ती राहिली. मग बिल्डर आला, गेला. दुसरा आला, ट्रस्टमध्ये भांडण झालं, तो कोर्टात गेला. जरा बाहेर बघा. बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या, २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. मालक कोण? सरकार. म्हणजे ट्रस्टचं भांडण नाही, वारस नाहीत. तरी भूमिपूजन झालं २०१७ मध्ये आणि वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. मला आनंदच झाला, टीव्हीवर बघताना एक आजी नव्या घरात रडत होती तेव्हा मीही रडले. पण सरकारच मालक असताना भूमिपूजनापासून पहिल्या किल्लीपर्यंत आठ वर्षं. आमच्याकडे अजून नारळसुद्धा कुणी आणलेला नाही. आत्या ७९ वर्षांची आहे. हिशेब तुम्हीच करा, मला करवत नाही.

आणि समजा पाच वर्षांत झालंच रीडेव्हलपमेंट. सोन्यासारखं. मग ह्या पाच वर्षांचे दिवस किती आणि रात्री किती? एका संडासाचा खर्च त्या रात्रींनी भागून बघा. ठाण्याच्या घरात ज्या सोफ्यावर बसून आपण हे बोलतो, तो ह्यापेक्षा महाग आहे.

"तिला ठाण्याला घेऊन या" हेही ऐकलं. दोन महिने होती ती. चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून असायची. गिरगावात तिची भाजीवाली दारात येते, देऊळ खाली आहे, गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण "काय ताई" म्हणतो. चाळीवरच्या लेखांत जे जे गोड लिहितात ते तिला हवंय, आणि त्याचा पूर्ण हक्क तिला आहे. फक्त त्याची किंमत म्हणून लघवी धरून ठेवायला लागू नये, इतकंच मागणं आहे. पाईप हलवायची नाही म्हणून माणूस हलवायचं, हा कुठला प्लंबर?

आता दादाची भीती. दादा, ही खरी भीती आहे हे मला मान्य आहे, म्हणून नीट लिहिते. भाडेपावती दादाच्या नावावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम केलं तर मालक जागा परत मागू शकतो. म्हणजे संडास बांधला आणि ट्रस्टने दावा लावला तर पुढचा फ्लॅटही गेला, अशी धाकधूक. चाळींतल्या हजारो लोकांचे हात ह्याच एका ओळीने बांधलेत.

पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, ते मी तीनदा वाचलं. महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे घेऊन केलेली काही कामं "कायमचं बांधकाम" समजायची नाहीत, असं त्यात म्हटलंय. कोणती? लाकडी पार्टिशन. स्वयंपाकाचा उभा ओटा. दार. जाळी. हवेसाठी खिडकी. फॉल्स सीलिंग. एअर कंडिशनर. धुरांडं.

एअर कंडिशनर! आमदारांनी भाडेकरूच्या गारव्याचा विचार केला, फॉल्स सीलिंगचा केला. बायकांनी तासन्‌तास उभं राहून स्वयंपाक करावा म्हणून ओट्याचाही केला. त्याच बाईला ओट्यापासून चार पावलांवर बसायला जागा असावी, हे त्या यादीत कुणाला सुचलं नाही. मी कायदा शिकलेली नाही, पण वाचता येतं. कोर्ट अशा प्रकरणांत बांधकाम काय स्वरूपाचं आहे, ते सहज काढता येतं का, हेतू काय, हे बघतं असं वकिलांनी सांगितलं. स्क्रूवर बसलेली चौकट आणि कमोड निघतात. तरीही मी दादाला "परवानगी गेली खड्ड्यात" असं सांगणार नाही. लेखी संमती मागायची, आणि ट्रस्टने नाही म्हटलं तर ते नाही लेखी द्यावं, कारणासकट. आजवर सगळी उत्तरं जिन्यात मिळाली आहेत. आणि त्या यादीत एक शब्द वाढवावा म्हणून आपल्या आमदारांना एक पत्र मी पाठवतेय. मसुदा तयार आहे, हवा असेल त्याने मागून घ्या, आपापल्या वॉर्डातून पाठवा. मागणी एका शब्दाची आहे, आणि तो शब्द मी "प्रसाधनगृह" वगैरे न लिहिता "संडास" असाच लिहिलाय.

असो. बरंच झालं. रविवारी अकरा वाजता चाळीच्या पटांगणात मीटिंग आहे. खालचे काका येतो म्हणालेत, आणि आमच्या रांगेतल्या चारपैकी तीन बिऱ्हाडं पाईपच्या खर्चाला तयार आहेत. अर्जावर भाडेकरू म्हणून सही दादाचीच चालते, माझी नाही, आत्याची तर नाहीच. दादा, नऊ वीसची स्लो लोकल मिळाली तरी वेळेत पोचशील. नाश्ता आत्याकडे आहे, ती साबुदाण्याची खिचडी करणार आहे. फक्त चहा एकच कप घे, पुन्हा पुन्हा मागू नकोस. का ते तुला गॅलरीच्या टोकापर्यंत गेल्यावर कळेल.